विश्वाचं वय कसं काढतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्वाचं वय थेट मोजता येईल असं एकही घड्याळ नाही. तरीही आज हा आकडा अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी अनिश्चिततेनं सांगितला जातो. हे कसं जमतं, कुठे चूक होऊ शकते आणि एका पद्धतीची चूक दुसरी पद्धत कशी पकडते, हे खालच्या उत्तरांत आहे. गणित शाळेतल्या भागाकारापलीकडे जात नाही.

आज मान्य असलेलं वय किती?

१३७८.७ कोटी वर्षं, दोन कोटी वर्षं इकडेतिकडे. हा आकडा युरोपीय अवकाश संस्थेच्या प्लँक उपग्रहाच्या २०१८ साली जाहीर झालेल्या अंतिम विश्लेषणातला आहे. त्याआधी नासाच्या डब्ल्यूमॅप उपग्रहानं नऊ वर्षांच्या निरीक्षणांवरून १३७७ कोटी, अधिक-उणे ६ कोटी, असं उत्तर दिलं होतं. चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या दुर्बिणीनं २०२० मध्ये स्वतंत्रपणे १३७७ कोटी, अधिक-उणे ४ कोटी, असं वय काढलं. उपकरणं, गट आणि विश्लेषणाचे प्रोग्रॅम वेगवेगळे असूनही उत्तरं जुळली.

हे वय नेमकं कुठल्या क्षणापासून मोजतात?

प्रसरणाची समीकरणं उलट्या दिशेनं चालवली की सगळी अंतरं शून्याकडे जातात. तो क्षण म्हणजे शून्य. सुरुवातीच्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात आपलं भौतिकशास्त्र लागू पडत नाही, पण या आकड्यासाठी त्यानं काही बिघडत नाही. ज्या उत्तरात दोन कोटी वर्षांची अनिश्चितता आहे, त्यात एका सेकंदाचा हिशेब लागत नाही. त्याआधी काही होतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि १३७८.७ कोटी हा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही.

प्रसरणावरून वय कसं निघतं? मला स्वतः करून बघता येईल का?

येईल. दूरची दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) जितकी लांब, तितकी ती वेगानं दूर जाते. वेग आणि अंतर यांच्या गुणोत्तराला हबल स्थिरांक म्हणतात. प्लँकनुसार तो ६७.४ आहे. म्हणजे दर मेगापार्सेक अंतरामागे (एक मेगापार्सेक सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं) सेकंदाला ६७.४ किलोमीटर वेग.

पहिली पायरी: ९७,७८० ला हबल स्थिरांकानं भागा. उत्तर थेट कोटी वर्षांत येतं. (एका मेगापार्सेकमध्ये किती किलोमीटर आणि एका वर्षात किती सेकंद, हे रूपांतर ९७,७८० या आकड्यात आधीच केलेलं आहे.) ९७,७८० भागिले ६७.४ म्हणजे १४५१ कोटी. याला हबल काल म्हणतात. प्रसरणाचा वेग कधीच बदलला नसता तर विश्वाचं वय एवढं असतं.

दुसरी पायरी: पण वेग बदलला. आधी द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणानं प्रसरण मंदावलं, आणि गेल्या काही अब्ज वर्षांत कृष्णऊर्जेमुळे (अवकाशाला ताणणाऱ्या, स्वरूप न उलगडलेल्या ऊर्जेमुळे) ते पुन्हा वेग घेतं आहे. म्हणून हबल कालाला एका गुणकानं गुणावं लागतं. विश्वाच्या एकूण ऊर्जाघनतेत द्रव्य ३१.५ टक्के आणि कृष्णऊर्जा ६८.५ टक्के धरली तर हा गुणक ०.९५१ येतो. १४५१ गुणिले ०.९५१ म्हणजे १३८० कोटी.

इथे चुकतं कुठे, तर बहुतेक जण पहिल्या पायरीवरच थांबतात. विश्वात फक्त द्रव्य असतं आणि कृष्णऊर्जा नसती तर गुणक दोन-तृतीयांश असता आणि वय ९६७ कोटी आलं असतं. १९९० च्या दशकात अगदी हाच पेच होता. विश्व ८०० ते १००० कोटी वर्षांचं निघत होतं आणि त्यातले काही तारकागुच्छ १४०० कोटींच्या पुढचे. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून, म्हणजे स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून, प्रसरण वेग घेत असल्याचं दिसलं तेव्हा गुणक वर गेला. त्याच सुमाराला हिपार्कस उपग्रहाच्या मोजणीनं गुच्छांची अंतरं वाढली, त्यामुळे त्यांची वयं खाली आली. दोन्ही बाजूंनी दुरुस्ती होऊन पेच सुटला.

मग हबल यांचं उत्तर इतकं चुकीचं कसं आलं?

हबल स्थिरांक ज्यांच्या नावानं ओळखला जातो त्या एडविन हबल यांनी १९२९ मध्ये काढलेला स्थिरांक सुमारे ५०० होता. वरचा भागाकार करा: २०० कोटी वर्षंही भरत नाहीत. पृथ्वीवरचे खडक किरणोत्सारी पद्धतीनं त्याहून जुने ठरत होते. आज पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं धरतात.

वेग बरोबर होते, अंतरं चुकली होती. हबल यांनी अंतरासाठी सेफीड हे रूपविकारी तारे वापरले. हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये २५ सेफीडांवरून दाखवलं होतं की ताऱ्याची तेजस्विता कमीजास्त होण्याचा काळ जितका मोठा, तितका तो तारा मुळात तेजस्वी. पण सेफीड दोन जातींचे असतात हे तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिस शहरातले दिवे मालवलेले असताना वॉल्टर बाडे यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे दोन वर्ग वेगळे केले. १९५२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की सेफीडांचेही दोन प्रकार आहेत, आणि विश्वातली अंतरं एका झटक्यात दुप्पट झाली. पुढे ॲलन सँडेज यांनी दाखवलं की हबल यांनी ज्यांना दूरच्या दीर्घिकांतले सर्वात तेजस्वी तारे समजलं, त्यांतले काही चमकणाऱ्या वायूचे ढग होते. १९५८ पर्यंत स्थिरांक ७५ च्या आसपास आला.

मराठी वाचकांसाठी इथे एक जवळचा धागा आहे. वयाचा हा पेच असतानाच, १९४८ मध्ये, बाँडी, गोल्ड आणि हॉयल यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. त्यात विश्वाला आरंभच नाही, त्यामुळे वयाचा प्रश्नही नाही. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर हे हॉयल यांचे केंब्रिजमधले विद्यार्थी. १९९३ मध्ये हॉयल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी या विचाराची सुधारित आवृत्ती मांडली. पार्श्वभूमी प्रारणाच्या (आरंभीच्या तप्त विश्वातून आजवर येत असलेल्या प्रकाशाच्या) मोजणीनंतर बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ या मताचे राहिले नाहीत. पण महास्फोट सिद्धांताला, म्हणजे विश्वाला तप्त आरंभ होता असं मानणाऱ्या सिद्धांताला, सतत अवघड प्रश्न विचारणारा समर्थ विरोधक मिळाला, हे त्या सिद्धांताच्या फायद्याचंच ठरलं असं आम्हाला वाटतं.

आज अंतरं कशी मोजतात, आणि त्यात काय बिघडतं?

पायऱ्यापायऱ्यांनी. जवळच्या सेफीडांचं अंतर पराशयानं, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किती सरकल्यासारखी दिसते त्यावरून. हे काम आता गाया उपग्रहाच्या नोंदींवरून होतं. त्यावरून सेफीडांची तेजस्विता ठरते. मग ज्या दीर्घिकेत सेफीड दिसतात आणि एक-अ प्रकारचा सुपरनोव्हाही झाला आहे, अशा दीर्घिकांवरून सुपरनोव्हांची तेजस्विता ठरते. शेवटी फक्त सुपरनोव्हाच दिसतात अशा दूरच्या दीर्घिका.

खालच्या पायरीतली चूक वरच्या प्रत्येक पायरीत जाते, म्हणून सगळं लक्ष तिथे असतं. गायाच्या पराशयात कोनीय सेकंदाच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) एक हजारांशाच्या काही शतांश इतकी कायमची सरक आहे, ती वजा करावी लागते. मधली धूळ ताऱ्याला मंद आणि तांबूस करते, म्हणून निरीक्षणं अवरक्त प्रकाशात घेतात. दूरच्या दीर्घिकेत सेफीडाच्या अंगावर शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश चढतो आणि तो खोटा तेजस्वी वाटतो. ही शंका जेम्स वेब दुर्बिणीच्या जास्त रेखीव प्रतिमांनी तपासली गेली. हबल दुर्बिणीची मापं त्यात बरोबर निघाली.

पार्श्वभूमी प्रारणावरून वय कसं काढतात?

सगळ्यात अचूक पद्धत हीच, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवातीचं विश्व तप्त होतं. इलेक्ट्रॉन मोकळे होते आणि प्रकाश त्यांच्यावर आपटत राहायचा. तापमान सुमारे ३००० केल्विनपर्यंत उतरल्यावर इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले आणि प्रकाश मोकळा झाला. तेव्हा विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं होतं. ३००० केल्विन हा अंदाज मेघनाद साहा यांच्या १९२० च्या आयनीकरण समीकरणातून येतो. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा पाहता हे याहून कितीतरी जास्त तापमानालाच घडायला हवं होतं. पण तेव्हा अणुकेंद्रातल्या प्रत्येक कणामागे सुमारे १६० कोटी प्रकाशकण होते. त्यांतले अगदी थोडे जास्त ऊर्जेचे कणही अणू फोडत राहायला पुरेसे होते, म्हणून ही घटना लांबली.

तो प्रकाश आज २.७२५ केल्विन तापमानाच्या सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो. पेन्झियस आणि विल्सन यांनी तो १९६५ मध्ये जाहीर केला. त्यात लाखात एक इतके तापमानाचे चढउतार आहेत आणि वयाची माहिती त्यांत दडलेली आहे.

अणू बनण्याआधी त्या तप्त वायूत ध्वनिलहरी प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगानं पसरत होत्या. प्रकाश सुटला त्या क्षणी त्या जिथवर पोचल्या, ते अंतर म्हणजे आपली मोजपट्टी. तेव्हा ती सुमारे ४.३ लाख प्रकाशवर्षं लांब होती आणि प्रसरणानं ताणून आज ४७ कोटी प्रकाशवर्षं झाली आहे. आकाशात ती ०.६ अंशाचा कोन करते, पौर्णिमेच्या चंद्राहून किंचित मोठा.

काम असं चालतं. आधी आकाशाचा नकाशा अनेक वारंवारतांत घेतात. प्लँकनं ३० ते ८५७ गिगाहर्ट्झमधल्या नऊ पट्ट्यांत घेतला आणि त्याचे काही संवेदक ०.१ केल्विनपर्यंत थंड ठेवले होते. आपल्या आकाशगंगेतली धूळ आणि इलेक्ट्रॉनही सूक्ष्मलहरी सोडतात, पण वेगवेगळ्या पट्ट्यांत त्यांचं प्रमाण वेगळं असतं. त्यावरून ते वजा करतात आणि आकाशगंगेचा दाट पट्टा झाकूनच टाकतात. मग कोणत्या कोनावर चढउतार किती, याचा आलेख काढतात. त्यात एकामागून एक शिखरं दिसतात. पहिल्या आणि दुसऱ्या शिखराच्या उंचीच्या तुलनेवरून साधं द्रव्य किती ते कळतं, तिसऱ्यावरून कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं पण गुरुत्वाकर्षणानं जाणवणारं द्रव्य. या दोन घनता कळल्या की मोजपट्टीची खरी लांबी गणितानं काढता येते. खरी लांबी आणि दिसणारा कोन माहीत झाला की अंतर निघतं, आणि अंतरावरून प्रसरणाचा इतिहास आणि वय.

हबल स्थिरांकात सुमारे पाऊण टक्का अनिश्चितता असून वयात ती ०.१५ टक्केच का? कारण सपाट विश्वाच्या (ज्यात शाळेतली भूमिती लागू पडते अशा) प्रमाण प्रतिमानात, म्हणजे सर्वमान्य गणिती आराखड्यात, हा कोन आणि वय एकमेकांशी घट्ट बांधलेले आहेत, आणि कोन दहा हजारात तीन भाग इतक्या अचूकतेनं मोजला गेला आहे. स्थिरांक वाढला तर द्रव्याचं प्रमाण कमी होतं आणि वय जवळजवळ जागच्या जागी राहतं. पण ‘या प्रतिमानात’ हे दोन शब्द विसरू नयेत. दोन कोटींची अनिश्चितता प्रतिमान बरोबर आहे असं धरूनच काढलेली आहे.

तारे किती जुने आहेत हे कसं कळतं?

विश्व आपल्या सर्वात जुन्या ताऱ्याहून लहान असू शकत नाही, म्हणून ही पडताळणी फार मोलाची.

गोलाकार तारकागुच्छातले तारे जवळपास एकाच वेळी जन्मलेले असतात. जड तारे हायड्रोजन लवकर संपवतात. सूर्याएवढ्याला साधारण १००० कोटी वर्षं लागतात. गुच्छातल्या ताऱ्यांचा रंग आणि तेज यांचा आलेख काढला की मुख्य अनुक्रमावरून (हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांच्या पट्ट्यावरून) तारे कुठे वळायला लागले ते दिसतं. जुन्या गुच्छांत आज सूर्याच्या ०.८ पट वस्तुमानाचे तारे वळत आहेत. त्या वळणाची तेजस्विता म्हणजे गुच्छाचं वय. एम ९२ या गुच्छासाठी २०२३ मध्ये १३८० कोटी, अधिक-उणे ७५ कोटी, असं उत्तर आलं.

सगळ्यात मोठी अडचण पुन्हा अंतराचीच. अंतर ५ टक्क्यांनी कमी धरलं की तेजस्विता १० टक्क्यांनी कमी येते आणि वय जवळपास १० टक्क्यांनी, म्हणजे सव्वाशे कोटी वर्षांनी, जास्त निघतं. त्यानंतर ऑक्सिजनचं प्रमाण, हेलियमचं प्रमाण आणि ताऱ्यातल्या उष्णतेच्या अभिसरणाचं प्रतिमान.

दुसरा मार्ग श्वेत बटूंचा, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांचा. त्यांच्यात इंधन जळत नाही, ते फक्त थंड होत जातात. गुच्छातले सर्वात मंद श्वेत बटू शोधले की थंड व्हायला किती काळ गेला ते कळतं. हबल दुर्बिणीनं एम ४ या गुच्छाकडे एकूण सुमारे आठ दिवसांचं एक्सपोजर देऊन हे केलं. २००२ मध्ये उत्तर आलं १२७० कोटी, अधिक-उणे ७० कोटी. इथली खाच अशी की थंड होताना कार्बन-ऑक्सिजनचं स्फटिक बनतं आणि त्यातून सुटणारी उष्णता थंड होणं लांबवते. ती धरली नाही तर वय कमी येतं.

युरेनियम, थोरियमवरून ताऱ्याचं वय काढतात ते कसं?

थोरियम-२३२ चं अर्धायुष्य १४०५ कोटी वर्षं, युरेनियम-२३८ चं ४४७ कोटी. ताऱ्याच्या वर्णपटात दोन्हींचं आजचं प्रमाण मोजायचं आणि सुरुवातीच्या अपेक्षित प्रमाणाशी ताडून पाहायचं. २००१ मध्ये सीएस ३१०८२-००१ या ताऱ्यात युरेनियम सापडलं आणि वय सुमारे १२५० कोटी आलं, पण अनिश्चितता ३०० कोटींची. कारण युरेनियमची रेषा (३८५.९६ नॅनोमीटर) फार फिकी आहे, आणि सुरुवातीचं प्रमाण सैद्धांतिक प्रतिमानांतून घ्यावं लागतं. युरेनियम-थोरियम गुणोत्तराच्या लॉगॅरिथममध्ये ०.१ चा फरक पडला की वय २२० कोटींनी हलतं. थोरियम-युरोपियम जोडीत तोच फरक ४७० कोटींचा होतो, म्हणून ती जोडी कमी भरवशाची. ही पद्धत आकडा बारीक करत नाही. पण तिला ना प्रसरणाची गरज ना ताऱ्याच्या अंतराची, आणि त्यातच तिचं महत्त्व आहे.

विश्वाहून जुना तारा सापडला होता ना?

तूळ राशीतला एचडी १४०२८३, सुमारे २०० प्रकाशवर्षांवरचा. २०१३ मध्ये त्याचं वय १४४६ कोटी, अधिक-उणे ८० कोटी, असं आलं. बातम्यांत पहिला आकडा छापला गेला आणि दुसरा गळला. ८० कोटी वजा केले की तो तारा विश्वाच्या वयात बसतो. पुढच्या अभ्यासांत, ताऱ्याची घडण नव्यानं हिशेबात घेऊन, वय १२०० कोटींच्या आसपासही निघालं आहे.

हबल स्थिरांकाचा वाद मिटला नाही, मग वयावर विश्वास कसा ठेवायचा?

वाद खरा आहे. सेफीड-सुपरनोव्हा मार्गानं २०२२ मध्ये ७३.०४ आला, अधिक-उणे १.०४. प्लँकचा ६७.४, अधिक-उणे ०.५. अनिश्चिततेत बसणारा हा फरक नाही.

गुणक तोच ठेवून ७३ घातले तर वय सुमारे १२७० कोटी येतं. पण असं नुसतं घालणं योग्य नाही. ७३ खरा असेल तर पार्श्वभूमी प्रारणाचं विश्लेषणही बदलावं लागेल, उदाहरणार्थ आरंभीच्या काळात जादा ऊर्जा मानून मोजपट्टी आखूड करावी लागेल. अशा प्रतिमानांत वय १३०० कोटींच्या थोडं वर येतं. इथे जुन्या ताऱ्यांचा लगाम कामी येतो: ते १२०० ते १३५० कोटींचे आणि त्यांच्या जन्माआधीही किमान दहा-वीस कोटी वर्षं गेलेली. वाद मोठा असला तरी तो पाच-सात टक्क्यांचा आहे.

जेम्स वेबनं वय २६७० कोटी असल्याचं दाखवलं का?

नाही. वेबनं फार लवकर बनलेल्या तेजस्वी दीर्घिका दाखवल्या. जेड्स-जीएस-झेड१४-० ही आरंभानंतर सुमारे २९ कोटी वर्षांतली. त्यामुळे तारे किती झपाट्यानं बनले याचे हिशेब तपासावे लागत आहेत. २६७० कोटींचा आकडा २०२३ च्या एका शोधनिबंधातला. त्यात प्रकाश प्रवासात ‘थकून’ तांबडा होतो ही जुनी कल्पना, निसर्गाचे स्थिरांक बदलतात या गृहीतकाशी जोडली होती.

प्रकाश नुसता थकत असता तर दूरच्या सुपरनोव्हाचा विझण्याचा काळ ताणला गेला नसता. प्रत्यक्षात सुमारे १,५०० सुपरनोव्हांत तो प्रसरणाच्या अपेक्षेनुसारच ताणलेला दिसतो. दुसरा पुरावा पुण्याशी जोडलेला आहे. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले आर. श्रीआनंद आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २.४१८ ताम्रसृतीच्या (प्रसरणानं प्रकाश किती ताणून तांबडा झाला त्याचं माप) वायूतल्या कार्बन मोनॉक्साइडवरून तिथल्या प्रारणाचं तापमान मोजलं. ते ९.१५ केल्विन आलं, अधिक-उणे ०.७२. प्रसरणाच्या हिशेबानं ९.३ हवं होतं. विश्व पूर्वी खरोखर जास्त उष्ण होतं.

१३८० कोटी वर्षांत ४६०० कोटी प्रकाशवर्षं दूरचं कसं दिसतं?

प्रकाशानं प्रवास १३८० कोटी वर्षंच केला. तो वाटेत असताना मागचं अंतर ताणत गेलं. ४६०० कोटी हे त्या जागेचं आजचं अंतर आहे, प्रकाश निघाला तेव्हाचं नव्हे.

वेळ सापेक्ष असेल तर हे वय कुणाच्या घड्याळाचं?

प्रसरणाबरोबर वाहणाऱ्या, म्हणजे ज्याला पार्श्वभूमी प्रारण सगळीकडून सारखं दिसतं अशा निरीक्षकाच्या. सूर्यमालेचा त्या मानानं वेग सेकंदाला ३७० किलोमीटर आहे. सगळा काळ याच वेगानं गेलो असतो तरी आपलं घड्याळ फक्त दहा हजार वर्षांच्या आसपास मागे पडलं असतं.

पुराणांतल्या कल्पाशी याचा संबंध आहे का?

ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा मानतात. इतक्या मोठ्या काळाची कल्पना करणं हे त्या परंपरेचं मोठेपण आहेच. पण तो आकडा युगांच्या गणनेतून येतो, निरीक्षणातून नाही, आणि त्याला अनिश्चिततेची मर्यादा नाही. तो पृथ्वीच्या वयाजवळ येतो, विश्वाच्या नाही. दोन्हींची सांगड घालू नये.

हिंगोलीतल्या प्रकल्पाचा यात काही वाटा असेल का?

असेल. औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या (जड वस्तूंच्या टकरीतून उठणाऱ्या अवकाशातल्या कंपनांच्या) शोधकाला केंद्र सरकारनं २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरींच्या उंचीवरून स्रोताचं अंतर थेट निघतं, सेफीडांच्या पायऱ्या लागत नाहीत. १७ ऑगस्ट २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवरून हबल स्थिरांक ७० आला, पण अनिश्चितता वर १२, खाली ८. कारण जोडीची कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे हे नीट कळत नाही, आणि जवळची कललेली जोडी दूरच्या सरळ जोडीसारखीच भासते. वेगळ्या दिशेला वळलेला आणखी एक शोधक असला की लहरींचं ध्रुवण आणि आकाशातली जागा जास्त नेमकी कळते आणि हा गोंधळ कमी होतो.

लेखात किंवा प्रकल्पात कोणता आकडा लिहू?

‘सुमारे १३८० कोटी वर्षं’ किंवा ‘१३.८ अब्ज वर्षं’. ‘१३.८ कोटी’ हे शंभर पटींनी कमी आहे आणि ‘१३८ कोटी’ दहा पटींनी. अचूक आकडा द्यायचा असेल तर १३७८.७ सोबत अधिक-उणे २ कोटी आणि ‘प्लँक, २०१८’ हेही लिहा.